सड्यावरचा सौर प्रकल्प आणि आकाशातली वीज : संरक्षण सेवेचा दोन पावसाळ्यांचा अनुभव

डिचोली तालुक्यात आमचा काजू प्रक्रियेचा कारखाना आहे आणि तेथील विद्युत विभागाची जबाबदारी गेली २२ वर्षे माझ्याकडे आहे. २०२१ साली कारखान्यामागच्या सड्यावर (दगडाळ पठारावर) ६०० किलोवॉटचा आणि शेडच्या छपरावर २५० किलोवॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला. २०२३ च्या मे महिन्यात विजेमुळे त्याचे मोठे नुकसान झाले आणि त्यानंतर संपूर्ण प्रकल्पाच्या संरक्षणाचे काम आम्ही फोंड्याच्या एका संस्थेकडे सोपवले. ते काम २०२४ च्या फेब्रुवारीअखेर पूर्ण झाले. त्यावरून आता दोन पावसाळे गेले आहेत, आणि काय चांगले झाले, काय राहून गेले, हे अनुभवाने सांगता येण्याजोगे झाले आहे. संस्थेचे नाव मी देत नाही. अशी सेवा घेऊ इच्छिणाऱ्याला नावापेक्षा कामाचा तपशील अधिक उपयोगी पडेल, आणि तो मी शक्य तितका पूर्ण देत आहे.

आधी त्या मे महिन्याविषयी सांगतो. गोव्यात विजांचा खरा काळ म्हणजे मृगाआधीचे एप्रिल-मे आणि परतीच्या पावसाचा ऑक्टोबर. जुलैमध्ये पाऊस धो-धो कोसळतो, पण गडगडाट त्या मानाने कमी असतो. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास सड्याच्या कडेला वीज पडली. एकाही पॅनेलची काच फुटली नाही, कोठे जळाल्याची खूण दिसली नाही. तरीही सहांपैकी दोन इन्व्हर्टर बंद पडले, माहिती नोंदवणारे यंत्र, हवामानाचे संवेदक आणि दोन कॅमेरे निकामी झाले. सुटे भाग यायला २६ दिवस लागले. त्या काळात दिवसाला अंदाजे ८०० युनिटांचे उत्पादन बुडत होते, आणि तेही वर्षातल्या सर्वांत चांगल्या उन्हाच्या दिवसांत. त्यानंतरच्या महिन्यांत लक्षात आले की काही स्ट्रिंगांचा (एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळांचा) व्होल्टेज कमी भरतो आहे. शोध घेतल्यावर ११ पॅनेलांतील बायपास डायोड (सावलीतल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे घटक) शॉर्ट झालेले आढळले. आमच्या पॅनेलात असे तीन डायोड असतात आणि एक शॉर्ट झाला की त्या पॅनेलचा एक तृतीयांश भाग मुकाट्याने काम थांबवतो. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते अधिक काळ होत राहते.

आमच्या शेठनी तेव्हा विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता : "कोपऱ्यात एवढा उंच खांब उभा केलाय, मग हे झालं कसं?" प्रकल्प उभारणाऱ्या मूळ ठेकेदाराने सड्याच्या एका कोपऱ्यात ८ मीटर उंचीचा खांब उभारून त्यावर ईएसई पद्धतीचा लायटनिंग अरेस्टर बसवला होता आणि त्याची संरक्षणाची त्रिज्या ८० मीटर असल्याचे कागदावर लिहून दिले होते. या पद्धतीच्या अरेस्टरचा दावा असा असतो की तो साध्या दांड्यापेक्षा काही मायक्रोसेकंद आधी विजेला सामोरा जातो आणि त्यामुळे त्याची छत्री फार मोठी असते. आयईसी ६२३०५ हे आंतरराष्ट्रीय मानक तो दावा हिशेबात धरत नाही. संरक्षित क्षेत्र ठरवताना धातूच्या दांड्याची केवळ प्रत्यक्ष लांबी-उंचीच विचारात घ्यावी, असे त्याच्या तिसऱ्या भागात स्पष्ट म्हटले आहे. भारतीय मानक संस्थेनेही १९८९ च्या जुन्या आयएस २३०९ च्या जागी हेच मानक स्वीकारलेले आहे.

फोंड्याच्या संस्थेच्या अभियंता मॅडमनी पहिल्याच भेटीत हा हिशेब शेठांच्या टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन मांडला, आणि माझ्या मते त्या संस्थेला काम मिळाले ते त्या अर्ध्या तासामुळे. सौर प्रकल्पांसाठी साधारणपणे संरक्षणाची तिसरी पातळी धरतात. त्या पातळीला ४५ मीटर त्रिज्येचा एक काल्पनिक गोळा जमिनीवरून, खांबावरून, पॅनेलांवरून सगळीकडे लोटून पाहायचा. गोळा ज्याला टेकेल त्यावर वीज पडू शकते आणि खांबाच्या आडोशामुळे जेथे तो पोहोचू शकत नाही तेवढीच जागा सुरक्षित. ८ मीटरच्या खांबाचा आडोसा जमिनीलगत सुमारे २५ मीटरपर्यंत पोहोचतो. पण आमच्या पॅनेलांची वरची कड जमिनीपासून २ मीटरवर आहे, आणि त्या उंचीवर तो उरतो जेमतेम १२ मीटर. १०० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद अशा पॅनेलांच्या शेतात, तेही कोपऱ्यातल्या खांबाभोवती १२ मीटर! उरलेला सगळा सड्याचा विस्तार अडीच वर्षे उघडा होता आणि आम्ही निश्चिंत होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

मात्र मॅडमनी दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगितली, आणि ती अधिक महत्त्वाची होती. मे महिन्यातले नुकसान पॅनेलांवर वीज पडून झालेच नव्हते. ते जमिनीतून आणि तारांमधून आले होते. म्हणजे नुसते चांगले दांडे बसवून प्रश्न सुटला नसता.

त्यांच्या कामाची सुरुवात जमिनीच्या मोजणीपासून झाली. चार खुंट्या एका रेषेत ठोकून, बाहेरच्या दोन खुंट्यांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोघींमधला व्होल्टेज मोजायचा, अशी ही पद्धत आहे. त्यांनी ती सड्यावर सात ठिकाणी, खुंट्यांमधले अंतर वाढवत वाढवत केली आणि मला प्रत्येक आकडा स्वतःच्या वहीत उतरवून घेऊ दिला. आमच्या सड्यावर वीतभर मातीखाली जांभा लागतो. ज्या दगडाचे चिरे काढून आपण घरे बांधतो, तोच. कोरड्या दिवसांत त्याची रोधकता फार असते. आमच्याकडे ती सरासरी १००० ओहम-मीटरच्या आसपास निघाली. अशा जमिनीत ३ मीटरचा एक तांब्याचा मुलामा दिलेला दांडा ठोकला तर त्याचा रोध ३०० ओहमच्या वर जातो. मूळ ठेकेदाराने चार केमिकल अर्थिंगचे खड्डे केले होते आणि पावसाळ्यात घेतलेली त्यांची मापे समाधानकारक दाखवली होती. मे महिन्यात, म्हणजे वीज येते नेमक्या त्याच दिवसांत, तीच मापे कितीतरी पटींनी वाढलेली निघाली. अर्थिंगची चाचणी ऑगस्टमध्ये करून प्रमाणपत्र घेणे ही आपल्याकडची सार्वत्रिक चूक आहे. ती आमच्या हातूनही झाली होती.

त्या चार खड्ड्यांचा दोष एवढाच नव्हता. एक खड्डा अरेस्टरचा, एक डीसी बाजूचा, एक एसी बाजूचा, एक लोखंडी सांगाड्यांचा, आणि चारही परस्परांपासून वेगळे. "अरेस्टरची अर्थिंग वेगळीच हवी, नाहीतर वीज यंत्रांत शिरेल," असे आम्ही वायरमन मंडळी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत आणि नव्या मुलांना शिकवतही आलो आहोत. हिशेब मात्र नेमका उलट आहे. विजेच्या पहिल्या झटक्याचा मध्यम प्रतीचा प्रवाह ३० हजार अँपिअरच्या घरात असतो. खड्ड्याचा रोध १० ओहम इतका कमी धरला तरी त्या क्षणी तो खड्डा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तीन लाख व्होल्ट वर उचलला जातो. शेजारचा खड्डा मात्र खालीच राहतो. आता एका खड्ड्याला बांधलेली तार आणि दुसऱ्याला बांधलेली तार ज्या एकाच ठिकाणी जवळ येतात ते ठिकाण म्हणजे इन्व्हर्टर, आणि तो फरक तेथेच फुटतो. सगळे काही एकत्र बांधलेले असेल तर सगळे एकत्र वर उचलले जाते आणि एकत्र खाली येते. नदीला पूर आल्यावर एकाच दोरीला बांधलेल्या होड्या जशा एकाच पातळीवर चढतात, तसे. मला हे समजावून घ्यायला वेळ लागला, हे मी मोकळेपणाने लिहितो, कारण माझ्यासारखे अनेक अनुभवी लोक अजून जुन्याच समजुतीवर काम करत आहेत.

म्हणून या कामातला सर्वांत मोठा आणि सर्वांत कष्टाचा भाग ठरला तो जमिनीखालच्या जाळीचा. गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टीची २० मीटर बाय २० मीटरची जाळी संपूर्ण शेताखाली घातली गेली. पट्टीची एकूण लांबी ९८० मीटर भरली. पॅनेलांच्या सांगाड्यांचे खांब, इन्व्हर्टरचे स्टँड, चारही जुने खड्डे, कुंपण आणि फाटक हे सारे तिला जोडले गेले. जांभ्यात अर्धा मीटर खोल चर ब्रेकरने फोडावा लागला. त्यांच्या कामगारांनी पट्टीवर फोडलेले दगडच परत न लोटता खालच्या मळ्यातली बारीक तांबडी माती आणि बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) मिसळून भरले, कारण दगडांच्या फटींत हवा राहिली तर जमिनीशी संपर्कच होत नाही. काम चालू असताना एका ठिकाणी चर केवळ फूटभर खोल गेलेला मला दिसला. मी तसे सांगताच त्यांच्या पर्यवेक्षकाने कोणतीही कुरकूर न करता ३० मीटरचा तो तुकडा पुन्हा खोदून घेतला. जोडकामावर डांबरी पट्टी गुंडाळण्याबाबतही ते काटेकोर होते. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत आणि आम्लयुक्त तांबड्या मातीत उघडा जोड फार टिकत नाही.

अशा जाळीचा रोध क्षेत्रफळावरून आधीच काढता येतो. त्यांनी तो ६ ओहम असा लिहून दिला होता. २०२४ च्या मे महिन्यात प्रत्यक्ष माप ७ ओहमच्या किंचित खाली आले आणि ऑगस्टमध्ये साडेचार. एखाद्या ठेकेदाराने आधी लिहून दिलेला आकडा आणि नंतर मोजलेला आकडा इतका जवळ येणे हे माझ्या नोकरीत मी फार क्वचित पाहिले आहे. जांभ्याच्या जमिनीत खोल जाण्यापेक्षा पसरण्याने काम होते, हा धडा मी येथे घेतला.

दांड्यांच्या बाबतीत त्यांनी उंच खांबांचा मार्ग सोडला आणि १० मिलिमीटर जाडीचे ४८ ॲल्युमिनियमचे दांडे संपूर्ण शेतात पसरवले. प्रत्येक दांडा पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा दीड मीटर उंच आहे आणि दोन दांड्यांमधले अंतर १४ ते १६ मीटर आहे. तोच ४५ मीटरचा गोळा या दांड्यांच्या टोकांवर ठेवला तर चार दांड्यांच्या मधोमध तो सुमारे १.३ मीटर खाली झोल खातो, म्हणजे पॅनेलला टेकत नाही. येथे सावलीचा प्रश्न मी उपस्थित केला होता, कारण पॅनेलवर एक बारीकशी गडद रेघ पडली तरी उत्पादनावर परिणाम होतो. त्यांचे उत्तर समाधानकारक होते. दांड्याच्या जाडीच्या १०८ पट अंतरापलीकडे, म्हणजे आमच्या दांड्यासाठी १.०८ मीटरनंतर, गडद सावली उरत नाही, फक्त फिकट छाया पडते. त्यामुळे पाठीमागच्या रांगेची चिंता नव्हती. परंतु गोव्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि त्या काळात मागच्या बाजूच्या दांड्याची सावली पुढच्या, त्याच रांगेतल्या पॅनेलवर पडते. पहिल्या आराखड्यात हे निसटले होते. उत्तर भारतातल्या कुठल्यातरी प्रकल्पाचा आराखडा समोर ठेवलेला असावा, असे मला वाटते. मी दाखवून दिल्यावर त्यांनी दांडे दोन टेबलांमधल्या (पॅनेल बसवलेल्या सांगाड्यांमधल्या) फटीच्या रेषेत सरकवले. आता दुपारची सावली फटीतच पडते. हा बदल त्यांनी बिलात वाढ न करता केला, हे नमूद करायला हवे.

शेडच्या छपराचे काम लहान होते, पण त्यातला एक मुद्दा कारखानदारांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. आमचे छप्पर अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे आहे. "पत्रा धातूचाच आहे, तोच वीज घेईल," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि मानकही तसे मान्य करते, पण छिद्र पडले तरी चालत असेल तरच. छिद्र पडू द्यायचे नसेल तर पोलादाचा पत्रा ४ मिलिमीटर जाड हवा. खाली काजूगराची पोती रचलेली असताना मे महिन्यात पत्र्याला पडलेले बोटभर छिद्र जूनच्या पहिल्या पावसात काय करील, ते सांगायला नको. म्हणून छपरावरही दांडे आले. धातूच्या छपरावर पॅनेलांचा सांगाडा आणि विजेचा मार्ग यांच्यात आवश्यक ते अंतर राखणे शक्य नसते. त्यामुळे दोन्ही १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने सरळ जोडून टाकले आणि त्या बाजूच्या तारांना विजेचा थेट प्रवाह सोसणारे, पहिल्या प्रकारचे एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे तारेतून येणारा जादा व्होल्टेज जमिनीकडे वळवणारे साधन) लावले.

आता तारांविषयी. मूळ उभारणीत प्रत्येक स्ट्रिंगची अधिक तार एका पाइपातून आणि उणे तार दुसऱ्या पाइपातून, टेबलाच्या दोन कडांनी नेली होती. दिसायला ते फार व्यवस्थित होते. परंतु अशा दोन तारांच्या मध्ये जेवढी जागा सापडते तेवढे एक मोठे वेटोळे तयार होते, आणि जवळ पडलेल्या विजेचे चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्यात व्होल्टेज निर्माण करते. २० चौरस मीटरचे वेटोळे असेल आणि १०० मीटरवर पडलेल्या विजेचा प्रवाह दर मायक्रोसेकंदाला ३० हजार अँपिअरने वाढत असेल, तर त्यात सुमारे १२०० व्होल्ट उपजतात. वीज ५० मीटरवर पडली तर दुप्पट. कोणताही स्पर्श नाही, ठिणगी नाही, तरी बायपास डायोड जातात ते असे. संस्थेच्या माणसांनी सर्व ६२ स्ट्रिंगांच्या तारा सोडवून अधिक-उणे जोडीने, एकमेकींना चिकटवून पुन्हा बांधल्या. या कामाला नवे साहित्य फारसे लागले नाही, फक्त आठ दिवसांची मजुरी लागली. संपूर्ण कामात पैशाच्या मानाने सर्वाधिक मोलाचे काम कोणते, असे मला कोणी विचारले तर मी हेच दाखवीन.

एसपीडी जुन्या उभारणीतही होते, पण ते चुकीचे निवडलेले आणि चुकीचे बसवलेले होते. आमच्या १८ पॅनेलांच्या स्ट्रिंगचा खुला व्होल्टेज ८९० च्या आसपास आहे. एसपीडीचा अखंड सोसण्याचा व्होल्टेज त्याच्या किमान १.२ पट, म्हणजे १०६८ व्होल्टच्या वर हवा. जुन्यांवर १००० लिहिलेले होते. शिवाय ते ८/२० तरंगरूपासाठी, म्हणजे ८ मायक्रोसेकंदांत शिखर गाठून २० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येणाऱ्या धक्क्यासाठी, बनवलेले होते. एकाच उंचीच्या प्रवाहासाठी १०/३५० तरंगरूपात त्याच्या वीसपटींहून अधिक विद्युतभार वाहतो, आणि दांडे थेट सांगाड्यावर असताना एसपीडीला तोही पेलता आला पाहिजे. बसवणुकीतला दोष तर पाहताच कळण्यासारखा होता. एसपीडीपासून अर्थपट्टीपर्यंतची तार अडीच मीटर लांब होती आणि उरलेला भाग छान गुंडाळी करून बांधून ठेवला होता. सरळ तारेच्या प्रत्येक मीटरमागे, प्रवाह मायक्रोसेकंदाला हजार अँपिअरने वाढत असताना, साधारण एक हजार व्होल्टची भर पडते. गुंडाळी केली तर आणखी. म्हणजे एसपीडी आपले काम करत असतानाच इन्व्हर्टरला मात्र तारेचा व्होल्टेज सोसावा लागत होता. जोडतारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी हा नियम त्यांनी प्रत्येक पेटीत पाळला, त्यासाठी दोन ठिकाणी पेटीच सरकवली. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांच्यातली तार १० मीटरपेक्षा लांब असेल तेथे पॅनेलांकडच्या टोकालाही एसपीडी लावले. त्यामुळे पेट्यांची संख्या वाढली, आणि प्रत्येक पेटी म्हणजे पाणी शिरण्याची एक नवी जागा, अशी माझी हरकत होती. दोन पावसाळ्यांत दोन पेट्यांत ओल सापडली. हरकत अगदीच अनाठायी नव्हती.

येथवर मी संस्थेची बाजू भरभरून मांडली. आता ज्या गोष्टीमुळे त्यांना पूर्ण गुण देता येत नाहीत ती सांगतो. मे २०२३ मध्ये आमची जी यंत्रे गेली त्यांतली बहुतेक संदेशांच्या बारीक तारांवरची होती. इन्व्हर्टरांना एकमेकांशी जोडणारी आरएस ४८५ तार संपूर्ण शेतभर फिरते आणि काही व्होल्टांवर चालते. तिला पोहोचलेला धक्का शृंखलेतल्या प्रत्येक यंत्रापर्यंत जातो. असे असूनही संस्थेच्या पहिल्या दरपत्रकात संदेशतारांच्या संरक्षणाचा एक शब्दही नव्हता. मी विचारल्यावर त्यांनी इन्व्हर्टरांच्या टोकांना लहान एसपीडी आणि शेतापासून नियंत्रण कक्षापर्यंत ऑप्टिकल फायबर असा मार्ग सुचवला, आणि तो उत्तम आहे, कारण काचेच्या धाग्यातून व्होल्टेज येत नाही. पण हवामान केंद्राची तार तरीही राहिली. २०२४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात उन्हाची तीव्रता मोजणारा नवा संवेदक नेमक्या त्याच तारेमुळे गेला. तक्रार केल्यावर माणूस चौथ्या दिवशी आला आणि एसपीडीची किंमत त्यांनी घेतली नाही. संवेदकाचा खर्च मात्र आम्हीच केला. ज्या संस्थेने नुकसानीचा अहवाल स्वतः लिहिला, तिच्या नजरेतून त्या अहवालातली तार सुटावी, हे मला पटलेले नाही.

वेळेच्या बाबतीतही तक्रार आहे. ४५ दिवसांचे काम ८० दिवसांत झाले. जांभा फोडायला वेळ लागला हे मान्य, पण डिसेंबरमध्ये सलग १२ दिवस एकही माणूस आला नाही आणि तसे कळवलेही नाही. कागदपत्रे चांगली आहेत. प्रत्येक जोडाचे छायाचित्र, प्रत्येक मापाची तारीख, जाळीचा नकाशा हे सर्व दिले. परंतु देखभालीच्या सूचना केवळ इंग्रजीत होत्या. आमच्या पाळीवरच्या वायरमनना त्या मराठीत हव्या होत्या. शेवटी मी स्वतः दोन पाने लिहून भिंतीवर लावली. खर्च कर वगळून १७ लाख ४० हजार रुपये आला आणि वार्षिक देखभालीचे ८५ हजार ठरले. रक्कम लहान नाही. मात्र हेच काम उभारणीच्या वेळी, सांगाड्यांच्या खड्ड्यांबरोबर चर खणून केले असते तर बरेच स्वस्तात झाले असते.

माणसांच्या सुरक्षेबद्दल त्यांनी जे केले त्याचा उल्लेख बहुतेक दरपत्रकांत नसतो, म्हणून तो वेगळा करतो. वीज जमिनीत उतरते तेव्हा दोन पावलांमधल्या अंतरातही जीवघेणा व्होल्टेज असू शकतो. सड्यावर गुरे चरायला येतात, आणि पुढच्या-मागच्या पायांमधल्या जास्त अंतरामुळे त्यांना धोका माणसापेक्षा अधिक असतो. इन्व्हर्टरांसमोर, फाटकापाशी आणि छपरावरून उतरणाऱ्या तारांच्या भोवती ३ मीटरपर्यंत १५ सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर त्यांनी घातला. मानकानुसार एवढा थर, किंवा ५ सेंटिमीटरचे डांबर, हा धोका सुसह्य पातळीवर आणतो. पाळीच्या प्रमुखांच्या फोनवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप त्यांनीच बसवून दिले, आणि इशारा येताच पॅनेल धुणाऱ्या बायांना शेतातून आत बोलवायचे, हा नियम आम्ही तेव्हापासून केला. त्याआधी आम्ही पाऊस पडायला लागला की बोलावत असू. वीज पावसाची वाट पाहत नाही.

दोन पावसाळ्यांचा हिशेब असा : २०२४ च्या ऑक्टोबरात एका जोराच्या गडगडाटानंतर दोन एसपीडींच्या खिडक्या (स्थिती दाखवणारे रंगीत ठिपके) हिरव्याच्या लाल झालेल्या आढळल्या, आणि तपासणीत उत्तरेकडच्या कडेच्या एका दांड्याचे टोक किंचित वितळलेले दिसले. म्हणजे वीज प्रत्यक्ष आमच्याच शेतात उतरली होती. सहाही इन्व्हर्टर चालू होते. लाल झालेली काडतुसे आमच्या वायरमनने अर्ध्या तासात बदलली. २०२५ च्या मे महिन्यात आणखी एक काडतूस गेले, त्यापलीकडे काही नाही. एवढ्यावरून व्यवस्था अभेद्य आहे असे मी म्हणणार नाही; मानकाची तिसरी पातळीही १० हजार अँपिअरच्या खालची क्षीण वीज दांड्यांना चुकवून आत येऊ शकते असे मान्यच करते. पण ज्या प्रकारच्या घटनेने आधी २६ दिवस घेतले, ती यावेळी अर्ध्या तासात आटोपली.

एसपीडीची खिडकी हिरवी असली तरी आतला घटक प्रत्येक धक्क्यागणिक थोडा झिजत असतो, म्हणून वार्षिक तपासणीत गळती प्रवाहही मोजायला हवा. पहिल्या वर्षीच्या तपासणीत त्यांनी केवळ खिडक्या पाहून सही केली होती. यंदा देखभालीचा करार वाढवताना आम्ही दोन कलमे घालून घेतली : गळती प्रवाहाची मापे प्रत्येक एसपीडीच्या क्रमांकासह लेखी द्यावीत, आणि अर्थिंगची मोजणी १५ एप्रिल ते १५ मे या काळातच, माझ्या समोर करावी. दोन्ही कलमे त्यांनी विनातक्रार मान्य केली आहेत.